तेलाआधी पाणी: जुन्या लष्करी काडतुसांनंतर रायफल कशी धुवावी

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या दोन रायफली घेतल्या: एक रशियन मोसिन-नागां ९१/३० आणि एक ब्रिटिश ली-एनफिल्ड नंबर ४. सोबत मिळालेली जुनी लष्करी काडतुसे शनिवारी रेंजवर झाडली, संध्याकाळी चांगल्या प्रतीच्या बोअर सॉल्व्हंटने (नळीतली काजळी काढणाऱ्या द्रवाने) नळ्या चकचकीत होईपर्यंत पुसल्या, तेल लावले आणि कपाटात ठेवल्या. दोन आठवड्यांनी मोसिनच्या नळीतून चिंधी ओढली तर ती तांबूस निघाली. बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, तोंडावरही गंजाचे ठिपके. त्यांचे शब्द असे: "तेलात कुठेच कसूर केली नव्हती. मग गंज आला कुठून, आणि आता काय करू?"

गंज मिठामुळे आला. सॉल्व्हंटने काजळी गेली, मीठ तिथेच राहिले, आणि त्याच्यावर तुम्ही तेल चढवलेत. हे मीठ फक्त पाण्याने जाते. आधी पाणी, मग नळी कोरडी करणे, मग सॉल्व्हंट, आणि सगळ्यात शेवटी तेल, असा क्रम आहे. आमच्या फौजेच्या वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना आर्मररच्या, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याच्या, कामातली ही पहिली गोष्ट शिकवली जायची. आता अमेरिकेत गनस्मिथच्या बाकावर बसल्यावर दिसते की चांगल्या चांगल्या नेमबाजांना ती कुणी सांगितलेलीच नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काडतुसाच्या बुडाशी जी छोटी धातूची टोपी असते, तो प्रायमर. फायरिंग पिनचा ठोका बसला की त्यातले मिश्रण पेटते आणि त्याची ज्योत दारूला लागते. जुन्या प्रायमरमध्ये प्राणवायू पुरवायला पोटॅशियम क्लोरेट असे. अमेरिकी सैन्याने वर्षानुवर्षे वापरलेल्या एफए-७० या प्रायमरचे मिश्रण पाहा: पोटॅशियम क्लोरेट ५३ टक्के, लेड थायोसायनेट २५, अँटिमनी सल्फाइड १७ आणि टीएनटी ५ टक्के. क्लोरेटमधला प्राणवायू जळण्यात खर्च झाला की मागे उरते पोटॅशियम क्लोराइड. आपल्या जेवणातल्या मिठाचा हा सख्खा भाऊच. १०० ग्रॅम क्लोरेटमागे साधारण ६१ ग्रॅम क्लोराइड तयार होते. एका रायफल प्रायमरमध्ये मिश्रण ३० मिलिग्रॅमच्या आसपास धरले, तर दर गोळीमागे सुमारे १० मिलिग्रॅम मीठ पडते. त्यातले बरेचसे वायूबरोबर नळीच्या तोंडातून उडून जाते हे खरे, पण पन्नास गोळ्या झाडल्यावर जे नळीत, चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) गळ्याशी आणि बोल्टच्या तोंडावर उरते ते पोलाद खायला पुरेसे असते.

हे मीठ स्वतः आम्ल नाही, अल्कलीही नाही. कोरडे असेपर्यंत ते पोलादाला फारसे काही करत नाही. हवेत ओलावा आला की पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसे ते पाणी ओढून घेते. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड सुमारे ८४ टक्के आर्द्रतेला पूर्ण विरघळून पाझरू लागते, आणि पोलादाच्या पृष्ठभागावर त्रास त्याच्याही बऱ्याच आधी सुरू होतो. ह्यूस्टनच्या पहाटे किंवा जुलैतल्या मुंबईत ही पातळी रोजचीच. म्हणून ॲरिझोनातला एखादा नेमबाज छातीठोकपणे सांगतो की मी आठवडाभर रायफल तशीच ठेवतो, काही होत नाही. त्याच्या गावात ते खरे असेल. रायफल घेऊन तो टेक्सासच्या गल्फ किनाऱ्याला आला की कळेल.

तेल इथे का हरते, तेही समजून घ्या. पोटॅशियम क्लोराइड २० अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम विरघळते. तेलात ते जवळजवळ विरघळतच नाही. तेलाचा थर मिठाच्या कणांवर नुसता पसरतो. त्या थरातून ओलावा हळूहळू आत जातोच, कारण बंदुकीचे तेल काही पाणबंद रंग नव्हे. खाली मीठ ओले होते आणि वरून नळी चकाकत राहते. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधले रसायनतज्ज्ञ विल्बर्ट हफ यांनी १९२२ साली नेमके हेच प्रयोगाने दाखवले, की तेलाखाली येणाऱ्या या गंजाचे मूळ प्रायमरमधून आलेले पोटॅशियम क्लोराइड आहे.

त्याआधी लोक धूरविरहित दारूला दोष देत. त्यांच्या तर्कालाही आधार होता. काळ्या दारूच्या जमान्यात नळीत इतका गाळ साचायचा की रायफल पाण्याने धुतल्याशिवाय गत्यंतरच नव्हते, आणि त्या धुण्यात प्रायमरचे मीठही निघून जायचे. १८८६ सालच्या फ्रेंच लेबेल रायफलीपासून धूरविरहित दारू आली, नळी वरवर स्वच्छ दिसू लागली, माणसे पाणी सोडून तेलाकडे वळली आणि नळ्या गंजू लागल्या. मग समजूत पसरली की नव्या दारूचे आम्ल नळीत राहते आणि ते मारायला सोडा किंवा अमोनिया लागतो. ती समजूत शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे.

काच पुसायचा निळा स्प्रे मारून मीठ "न्यूट्रलाइज" करा, हा सल्ला तुम्हाला रेंजवर हमखास मिळेल. मिठाला न्यूट्रलाइज करण्यासारखे काही नसतेच, ते आधीच उदासीन आहे. तो स्प्रे काम करतो, कारण तो बहुतांशी पाणी आहे. त्यातल्या किंचित अमोनियाचा मिठाशी संबंध नाही. रेंजवर बाटली हाताशी असेल तर खुशाल वापरा, पण दोन फवारे मारून काम झाले असे समजू नका. दोन फवाऱ्यांनी मीठ विरघळते आणि तिथेच राहते. ते बाहेर वाहून जाईल इतके पाणी लागते.

कोणती काडतुसे अशी क्षारी, म्हणजे प्रायमरमधून हे मीठ सोडणारी (इंग्रजीत कॉरोसिव्ह), असतात, याचा पक्का तक्ता करता येत नाही. माझा नियम सोपा आहे: लष्करी साठ्यातून आलेले जुने काडतूस क्षारी समजायचे आणि त्यानुसार रायफल धुवायची. धुतल्याने नुकसान काहीच नाही. तरी काही खुणा सांगतो. सीलबंद पत्र्याच्या डब्यातून येणारी सोव्हिएत काळातली ७.६२×५४आर काडतुसे, म्हणजे तुमच्या मोसिनची, क्षारी धरा. युगोस्लाव्हियाची एम ६७ जातीची ७.६२×३९, तुर्की आणि रुमानियन ८ मिलिमीटर माउझर, हीही त्याच रांगेत. अमेरिकी .३०-०६ मध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बदल झाला, त्यामुळे महायुद्धाच्या शिक्क्याची काडतुसे क्षारी. याला अपवाद अमेरिकेत बनलेल्या .३० कार्बाइनच्या काडतुसांचा. ती पहिल्यापासूनच बिनक्षारी प्रायमरची होती, कारण त्या कार्बाइनची वायूयंत्रणा शिपायाला सहज खोलून साफ करता येण्यासारखी नव्हती.

तुमच्या एनफिल्डच्या .३०३ चे म्हणाल तर ब्रिटिश मार्क ७ काडतूस, ज्यात तपकिरी शेवयांसारखी कॉर्डाइट नावाची दारू भरलेली असते, ते क्षारी. बुडावर केएफ असा शिक्का दिसला तर ते आपल्या खडकीचे, पुण्याजवळच्या १८६९ साली उभ्या राहिलेल्या ॲम्युनिशन फॅक्टरीचे. तो शिक्का टेक्सासच्या रेंजवर जमिनीवर पडलेल्या पुंगळीवर (काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळीवर) दिसला की मला आजही भरून येते. पण जुने केएफ .३०३ झाडल्यावर नळी धुवायची हे विसरू नका. त्याउलट एचएक्सपी शिक्क्याची ग्रीक .३०३ बिनक्षारी आहेत आणि त्यांचे पितळही उत्तम असते.

बऱ्याच जणांना वाटते की पुंगळीच्या आत दोन छोटी भोके, म्हणजे बर्डान जातीचा प्रायमर, दिसली की काडतूस क्षारी. हे चूक आहे. बर्डान ही फक्त रचना आहे. जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस सिनॉक्सिड नावाचे लेड स्टिफनेटवर आधारित बिनक्षारी मिश्रण निघाले, ते बर्डान टोप्यांतही भरले गेले. आणि अमेरिकेची क्षारी .३०-०६ बॉक्सर रचनेची, म्हणजे मधोमध एकच भोक असलेली, होती. दुकानदाराने डब्यावर "नॉन-कॉरोसिव्ह" असे चिकटवलेले असेल, तर त्यावरही माझा विश्वास नाही. खात्रीच करायची तर एका काडतुसाची गोळी उपसून दारू ओतून टाका, नुसत्या प्रायमरची ती पुंगळी रायफलीत घाला आणि घासून चकचकीत केलेल्या साध्या पोलादी पट्टीवर तोंड जवळ धरून चाप ओढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. पट्टी न पुसता दमट जागी ठेवा. एक-दोन दिवसांत तांबूस ठिपके उमटले तर उत्तर मिळाले. आणि ही चाचणी केल्यावरही रायफल धुवायचीच, हे सांगायला नकोच.

आता धुण्याकडे येऊ. सुरुवात रेंजवरूनच करा. शेवटची गोळी झाडल्यावर रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने चेंबर चाचपून दोनदा बघा, बोल्ट बाहेर काढा आणि पाण्याने ओल्या केलेल्या चिंध्या नळीतून पाठवा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की काजळीही ढिली होते. बोल्टच्या तोंडावरूनही ओली चिंधी फिरवा. मग कोरडी चिंधी आणि थोडे तेल. ही पाच-दहा मिनिटांची कसरत घरी जाईपर्यंतचा वेळ विकत घेते. पूर्ण सफाई त्याच दिवशी घरी करा. "उद्या रविवार आहे, उद्या करू" यात मी कितीतरी चांगल्या नळ्या गेलेल्या पाहिल्या आहेत.

घरी दीड-दोन लिटर पाणी उकळा. ब्रिटिश सैन्यात यासाठी वाकड्या नळीचे खास नरसाळे असे. त्याची नळी चेंबरमध्ये घालायची आणि उकळते पाणी ओतायचे. हे नरसाळे जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून मिळते. नाही मिळाले तर एक रिकामी पुंगळी घ्या, तिचे बूड प्रायमरच्या जागी ड्रिलने मोठे करा, तिला उष्णता सहन करणारी रबरी नळी घट्ट बसवा आणि दुसऱ्या टोकाला नरसाळे लावा. पुंगळी त्याच रायफलीच्या मापाची असली की चेंबरमध्ये नीट बसते आणि पाणी चापाच्या यंत्रणेत व लाकडात शिरत नाही. जुन्या रायफलीत लाकूड वाचवणे हे अर्धे काम आहे. ली-एनफिल्डचे पुढचे लाकूड नळीला ठरावीक जागी टेकवून बसवलेले असते. ते दर वेळी खोलले की बैठक ढिली होते आणि नेम बिघडतो. म्हणून धुण्यासाठी लाकूड काढू नका, पाणी लाकडापर्यंत पोचणारच नाही अशी व्यवस्था करा.

रायफल तोंड खाली करून बादलीत उभी धरा. बादलीच्या तळाशी जाड फडके किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, नळीचे तोंड पत्र्यावर आपटू देऊ नका. त्या तोंडाच्या कडेवर नेम अवलंबून असतो. पाणी एकदम न ओतता धार धरून ओता. नळी हात लावता येणार नाही इतकी तापते, म्हणून हातमोजे घाला. हे तापणेच उकळत्या पाण्याचा खरा फायदा आहे. मीठ थंड पाण्यातही मजेत विरघळते, पण तापलेल्या नळीतले उरलेले पाणी मिनिटभरात उडून जाते आणि पाण्यानेच गंज धरण्याची भीती उरत नाही. गरम पाण्याची सोय नसेल तर थंड पाण्याने धुवा, फक्त कोरडे करायला जास्त वेळ द्या. न धुण्यापेक्षा थंड पाणी हजारपट बरे.

पाणी पुरेसे ओतल्यावर एक ओला ब्रॉन्झ ब्रश चार-सहा वेळा नळीभर फिरवा आणि पुन्हा पाणी ओता. हे दुसरे पाणी बहुतेक जण वगळतात. तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) तांब्याचा पातळ लेप सोडतात, आणि पुढच्या गोळीचे मीठ त्या लेपाच्या थरांत अडकते. ब्रशने ते उघडे पडते, म्हणून ब्रशनंतर पाणी. मग कोरड्या चिंध्या, अगदी शेवटची चिंधी खडखडीत कोरडी निघेपर्यंत. चेंबर नळीपेक्षा रुंद असल्याने तिथे साधी चिंधी पोचत नाही, त्याला जाड मॉप किंवा काठीला गुंडाळलेले फडके लागते. गोळी सुटण्याच्या जागी, चेंबरच्या गळ्याशी, मीठ सगळ्यात जास्त बसते, आणि तिथेच सफाई सगळ्यात कमी होते.

नळी कोरडी झाली की पाणी ढकलून बाहेर काढणारे हलके तेल मारा. डब्ल्यूडी-४० मुळात त्याच कामासाठी बनले आहे. ते पुसून घ्या. आता तुमचे आवडते बोअर सॉल्व्हंट काढा. काजळी आणि तांबे त्याचे काम. तांबे काढायला अमोनियाचे कडक सॉल्व्हंट वापरत असाल तर ते डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवू नका. चिंधी निळी-हिरवी निघते तोवर तांबे आहे. शेवटी बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. बॅलिस्टॉलचे इथे वेगळे सांगायला हवे. हे जर्मन तेल पाण्यात मिसळून दुधासारखे होते. एक भाग तेल आणि दहा भाग पाणी असे मिश्रण करून ठेवले तर रेंजवर तेच पहिले धुणे होते, आणि पाणी उडाल्यावर तेलाचा थर मागे राहतो. प्रवासात मी तेच नेतो. घरी मात्र उकळत्या पाण्याला पर्याय मानत नाही.

सफाईचा रॉड मागून, चेंबरच्या बाजूने घाला. मोसिन आणि एनफिल्ड दोन्हींचा बोल्ट निघतो, त्यामुळे अडचण नाही. जुन्या मोसिनच्या तोंडाशी पुष्कळदा आतली नळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोठी कोरलेली दिसते. शिपायांनी पोलादी रॉड पुढून घालघालून कडा झिजवल्या, म्हणून दुरुस्तीच्या कारखान्यांत ते तोंड असे आत नेले गेले. तुमच्या मोसिनची नळी तशी असेल तर त्या पायरीत मीठ साचते, तिथे कापसाची काडी फिरवा. पुल-थ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची दोरी, वापरणार असाल तर दोरी नळीच्या सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढलेली दोरी वर्षानुवर्षांत तोंडाच्या कडेला खाच पाडते. फौजेतल्या बऱ्याच जुन्या .३०३ त्यानेच बाद झाल्या.

आता बोल्ट. तुमच्या मोसिनला तोंडावर ठिपके आले, कारण प्रायमरच्या कडेने थोडा वायू मागे फुटतो आणि फायरिंग पिनच्या भोकातून आत शिरतो. मोसिनचा बोल्ट हत्याराशिवाय खोलता येतो. बोल्टचे डोके, फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग गरम पाण्यात बुडवा, हलवा, पुसा, वाळवा, तेल लावा. जोडताना एक गोष्ट टाळू नका. फायरिंग पिन किती बाहेर येते ते रायफलीसोबतच्या जुन्या अवजाराने मोजा. त्यावर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात. पिनचे टोक ९५ च्या खाचेखालून अडल्याशिवाय जायला हवे आणि ७५ च्या खाचेत अडायला हवे. पिन जास्त बाहेर आली तर प्रायमर फाटतो आणि गरम वायू चेहऱ्याकडे येतो. एनफिल्डमध्ये बोल्टचे डोके आट्यांवर फिरून निघते. ते धुवून त्याच बोल्टला परत लावा. नंबर ४ ची डोकी ० ते ३ अशा चार मापांत येतात आणि तुमच्या रायफलीला नेमके माप निवडून बसवलेले असते. दोन रायफली शेजारी खोलून बसलात तर डोक्यांची अदलाबदल होणार नाही याची काळजी घ्या.

मॅगझिनची वरची कड, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) मागचा भाग, नळीचे तोंड आणि तिथला माशीचा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेचा, पाया, हे सगळे ओल्या चिंधीने पुसून घ्या. वायू जिथे पोचला तिथे मीठ पोचले. हेच सूत्र डोक्यात ठेवून पुढे कधी एसकेएस किंवा एम-१ गॅरंड घेतलीत तर तिची सफाई ठरवा. वायूवर चालणाऱ्या रायफलीत नळीतून भोक पाडून वायू पिस्टनकडे नेलेला असतो, म्हणजे मीठही तिथे जाते. एसकेएसची गॅस ट्यूब आणि पिस्टन काढून गरम पाण्यात टाका, गॅस ब्लॉकच्या भोकातून पाणी वाहू द्या, आणि ते सुकवायला पाइप क्लीनर वापरा. तिच्या बोल्टमधली फायरिंग पिन मोकळी असते, तिला परत ओढणारी स्प्रिंग बहुतेक एसकेएसमध्ये नसते. गंजाने ती पुढे अडकली तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटू शकते. म्हणून बोल्ट हातात धरून हलवा, पिनचा खुळखुळ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. युगोस्लाव्ह एसकेएसच्या नळीला आतून क्रोम नसते, त्यांच्याबाबत जास्त जागरूक राहा. क्रोम असले तरी पिस्टन, बोल्ट आणि गॅस ब्लॉकला ते नसते, तेव्हा तिथेही पाणी हवेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पांढरी चिंधी ओढा. जुन्या सैन्यात गोळीबारानंतर सलग तीन दिवस नळी साफ करायची पद्धत होती, आणि ती उगाच नव्हती. चिंधी काळी-करडी निघाली तर उरलेली काजळी आहे, तिची चिंता नाही. निळी-हिरवी म्हणजे तांबे. तांबूस म्हणजे मीठ राहिले, पुन्हा पाणी उकळा. आठवड्याने एकदा आणखी पाहा. फोमच्या बंद पेटीत रायफल ठेवू नका, फोम ओलावा धरून ठेवतो. तुमच्या हवेत कपाटात डीह्युमिडिफायरचा (ओलावा कमी करणारा) रॉड लावाच. उभी ठेवायची तर तोंड खाली करून, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

धुतलेले पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. त्यात शिसे आणि अँटिमनी असते, आणि खूप जुन्या प्रायमरमध्ये पारा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, काम संपल्यावर जेवणाआधी हात नीट धुवा. पारा असलेल्या प्रायमरच्या पुंगळ्या पुन्हा भरायला वापरू नका. पारा नळीला काही करत नाही, पण पितळ ठिसूळ करतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. .३०३ आणि ७.६२ लष्करी बोअर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे वरची रायफल तुमच्या हाती येणे अवघड. पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही घराघरांत आहेत. काळ्या दारूचा गाळ पोटॅशियमच्या क्षारांनी भरलेला असतो आणि कोकणच्या हवेत तो एका रात्रीत ओला होतो. तिथेही तेल आधी लावले तर तोच घात. आधी गज घालून बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. मग कॅप बसवायची निपल काढा, नळी लाकडापासून सुटत असेल तर सोडवा, तिचे मागचे टोक गरम पाण्याच्या बादलीत बुडवा आणि गजाला ओली चिंधी गुंडाळून पंपासारखा वर-खाली करा. पाणी निपलच्या भोकातून आत-बाहेर खेळते आणि सगळ्यात घाणेरडा कोपरा, नळीचे बूड, स्वच्छ होतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा, वाळवा, मग खोबरेल न लावता बंदुकीचे तेल लावा.

तुमच्या मोसिनचे आता काय करायचे, ते सांगतो. आज संध्याकाळीच सुरू करा. आधी जुने तेल काढा, कारण ते मिठावर झाकण घालून बसले आहे. लाकडाला लागू न देता ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोनच्या चिंध्या नळीतून काढा. मग वर सांगितले तसे उकळते पाणी, ओला ब्रॉन्झ ब्रश आणि पुन्हा पाणी. कोरडी झाली की पातळ भेदक तेल घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रॉन्झ ब्रशने घासा. स्टील वूल नळीत घालू नका. तांबूसपणा राहिला तर बोअर साफ करायची बारीक पेस्ट चिंधीला लावून हलक्या हाताने फिरवा. पेस्ट पूर्ण पुसून टाका आणि उजेड टाकून आत पाहा.

दोन आठवड्यांचा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो आणि निघून जातो. आट्यांच्या खोलगट भागात काळे बारीक खड्डे दिसले तर ते पॉलिश करून घालवायचा प्रयत्न करू नका, त्यात चांगले पोलादही जाते. खड्डे पडलेल्या मोसिन आणि एनफिल्ड १०० यार्डांवर अजून व्यवस्थित मारतात, आधी कागदावर मारून बघा. मात्र अशा नळीत मीठ धरून बसायला जागा जास्त असते. तिला पुढच्या प्रत्येक वेळी पाणी दुप्पट ओता आणि दुसऱ्या दिवशीची चिंधी चुकवू नका. एनफिल्डची नळी अजून साफ दिसत असेल तरी तिलाही याच फेरीत धुवून घ्या. तीही त्याच शनिवारी त्याच काडतुसांनी झाडली आहे.